तीन हिवाळे वाचलं ते

ओमेश्वरी कापगते ही बाई विदुषी वगैरे नाही. तसं कोणी म्हटलंच तर ती हातातला झारा खाली ठेवून त्या माणसाकडे अशी बघेल, की पुन्हा तो शब्द काढायची त्याची छाती होणार नाही. दहावी पास, वय शेहेचाळीस, नवरा दुलीचंद, घरचं चार एकर धान, आणि तलावाच्या पाळीखालच्या टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, तीन खोल्यांचं घर. कामाला ती तिबेटी कॅम्पात जाते. गोठणगावाकडून धरणाच्या अंगाने गेलं की जंगलाच्या कडेला हा कॅम्प लागतो. पन्नासेक वर्षांपूर्वी तिबेटातून निघालेली माणसं सरकारने इथे वसवली, आणि आता त्यांची नातवंडं आमच्यासारखंच ‘काऊन बे’ म्हणतात. कॅम्पातल्या निराधार म्हाताऱ्यांसाठी एक घर आहे, तिथे ओमेश्वरी स्वयंपाक करते. शेवया-भाज्यांचा पातळ थुकपा रांधते, वाफेवरचे तिंगमो पाव करते, आणि कोणी पथ्यावर असेल तर आपली साधी भाताची पेज.

तर या बाईने तीन हिवाळे बसून हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं तिबेटी वाचून काढलं. मोठ्याने, एकेक अक्षर लावून. काय वाचलं, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. हसायचं असेल त्याने इथेच हसून घ्यावं. पुढे हसण्यासारखं आहे, पण सगळंच नाही.

दिवाळी झाली की हा कॅम्प रिकामा होतो. तरणीताठी माणसं स्वेटरांची गाठोडी घेऊन शहरोशहरी विकायला जातात, ती होळीच्या सुमाराला परततात. मागे उरतात म्हातारे, कुत्री आणि देवळातले दोन-तीन भिक्खू. अशाच एका कार्तिकात म्हाताऱ्यांच्या घरातल्या गेनलांची नजर गेली. गेनला म्हणजे गुरुजी. त्यांनी कॅम्पाच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात घालवला होता, आणि त्याच्या जोडीला एकच ध्यास घेतला होता. त्यांच्या भाषेचं व्याकरण पक्कं व्हायच्या आधी, पोथ्यांची भाषा घोटून गुळगुळीत व्हायच्या आधी, लोक जे लिहीत होते त्यातला शब्द न् शब्द गोळा करायचा. तशा जुन्या कागदांची झेरॉक्स त्यांना परदेशातून कोणी पाठवत असे. एका शब्दाला एक कार्ड, कार्डावर शब्द, आणि तो कुठल्या पानावर, कितव्या ओळीत सापडला ते. तीस वर्षांत तीन हजार कार्डं झाली होती. मग काचबिंदूने डोळे नेले, भिक्खूंना पूजापाठातून सवड नसायची, आणि वाचून दाखवणारी सगळी पोरं स्वेटर विकायला गेलेली.

गेनला दोन दिवस उन्हात नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ओमेश्वरी त्यांना चहा द्यायला गेली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. “ओमी, तू स्कूल गई थी ना?”

“गेली होती. दहावी केली.”

“क ख ग आता है?”

आता हा काय प्रश्न झाला? ओमेश्वरीला थोडा रागच आला. तिचं अक्षर सगळ्या टोलीत पहिलं. ग्रामसभेच्या सूचना, बचत गटाचे ठराव, शाळेतल्या फळ्यावरचे सुविचार, सगळं तिच्याच हातचं. “येते ना. कायले नाही येणार?”

“बस. हमारा भी वही है. क ख ग ङ. सिर्फ कपड़ा अलग पहना है.”

म्हातारा थापा मारतो असं तिला वाटलं. पण महिनाभरात, दुपारच्या रिकाम्या वेळात, तिला ती अक्षरं आली. क, ख, ग, ङ. च, छ, ज, ञ. ओळीने तशीच बसलेली, माहेरच्या ओळखीची माणसं परक्या गावात भेटावीत तशी. फक्त ठळक, सुटी अक्षरं तिला आली. गेनलांच्या हातची जोडून लिहिलेली गिचमिड तिला कधीच लागली नाही, आणि तिची गरजही नव्हती. गरज होती ती झेरॉक्सवरचं वाचण्याची.

इथून गोंधळ सुरू झाला. कारण अक्षरं आली म्हणजे वाचन आलं, असं आपल्याकडे असतं. तिकडे नसतं. ओमेश्वरी वाचायची, “ब, मग स, मग ग, त्याच्या खाली र, त्याले उकार, मग ब, मग स.” आणि गेनला म्हणायचे, “डुप.”

“सहा अक्षरांचं डुप?”

“डुप.”

“मंग एवढी अक्षरं लिवली कायले? बोलाचं नाही तर लिवाचं कायले?”

“पहले बोलते थे,” गेनला म्हणाले. “इस कागज के टाइम में. तू जैसा पढ़ती है ना, सब अक्षर तोड़-तोड़ के, शायद वैसा ही बोलते थे. कॅम्प में कोई ऐसा नहीं पढ़ता. तू पुराने आदमी जैसा पढ़ती है.”

ही स्तुती होती की चेष्टा, हे ओमेश्वरीला ठरवता आलं नाही, म्हणून तिने पुढची ओळ लावायला घेतली. पुढच्या ओळीत वेलांटी उलटी होती. तिने ते सांगितलं, तर गेनला ताठ झाले. “उलटी? पक्का?” पक्का. आजच्या लिखाणात वेलांटी एकाच बाजूला वळते, पण त्या जुन्या कागदांत कधी इकडे, कधी तिकडे. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जगात कोणालाच नीट माहीत नव्हतं. पण प्रत्येक कार्डावर नोंद हवी. ओमेश्वरीला वाटलं, लिहिणाऱ्याची लहर लागली असेल. गेनला म्हणाले, लहर असली तरी नोंद हवी.

कोरी कार्डं संपली, तेव्हा तिने स्वतःच तोड काढली. आमच्याकडे लग्नपत्रिकांना तोटा नाही. उन्हाळ्यात एकेका घरी शंभर-शंभर येतात, जाड, गुळगुळीत, मागची बाजू कोरी. तिने टोलीतल्या घरोघरच्या पत्रिका मागून आणल्या, कात्रीने चार-चार तुकडे केले आणि मागे लिहायला सुरुवात केली. गेनला अक्षर न् अक्षर सांगून पक्कं करायचे, ती लिहायची. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीचा एखादा शब्द इकडे, आणि तिकडे ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’. काही तुकड्यांवर गणपतीची सोंड तेवढी आली होती, काहींवर नुसता उंदीर.

दुलीचंदला या सगळ्याची गंमत वाटायची. “अवो, तुले तिबेटात जाची आहे का?” तो विचारायचा. “तिथं आता कोणी ठेवते का, पाहून घेजो.” पण एकदा त्याने जेवताना सरळ विचारलं, “त्याच्यात लिवलं काय आहे?”

“जुनं आहे,” म्हणून ओमेश्वरीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्यापुढे तिलाच ठाऊक नव्हतं.

ते तिला लागलं. वाचणारीला आपण काय वाचतो ते ठाऊक नसावं, याची लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी तिने गेनलांना धारेवर धरलं. “गेनला, मले अर्थ सांगा. मी काय बैल आहे का घाण्याचा, फिरून राहिली नुसती?”

गेनला हसले. “बाद में, ओमी. पहले सब जमा करना. आधा जमा करके मतलब बोला तो गलत बोलेगा. सब हो गया, फिर मैं पहले कार्ड से तुझे बताता हूँ. एक-एक.”

“सबन?”

“सब.”

तिने ते खरं धरलं. दुसरा हिवाळा गेला. तिसरा आला. कॅम्पातल्या म्हाताऱ्यांशी बोलून तिला रोजच्या भाषेतले पाण्याचे, मिठाचे, भांड्यांचे शब्द यायचे, पण ते शब्द कागदावर भेटले तरी ओळख देत नसत. एखाद-दुसरा गेनला सहज बोलून जायचे: हा घोडा, हा जव, हा देव. ओमेश्वरी तेवढे पकडून ठेवायची. रात्रंदिवस तिच्या डोक्यात ते सुटे घोडे आणि जव फिरायचे, आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय ते लागायचं नाही. पण तिला घाई नव्हती. सांगतो म्हणाले होते ना.

दुसऱ्या हिवाळ्यात पुण्याहून चेतना नावाची एक मुलगी आली होती. जुन्या तिबेटीवरच संशोधन करणारी, चष्मा, पाठीवर भली मोठी पिशवी. गेनलांशी ती त्यांच्याच भाषेत बोलली आणि ओमेश्वरीशी इतक्या शुद्ध मराठीत, की ओमेश्वरीला आपण परीक्षेला बसलो आहोत असं वाटलं. तिने तीसेक कार्डांचे फोटो काढले आणि म्हणाली, “काकू, असा संग्रह दुसरीकडे कुठेही नाही. हे सांभाळा. मी पुढच्या वर्षी होळीनंतर येते आणि सगळ्याची नीट प्रत करून घेते.” नंबर दिला, नमस्कार केला, गेली. गेनला त्या दिवशी दोन वाट्या थुकपा जास्त जेवले.

आणि तिसऱ्या हिवाळ्यात, पौषात, एका सकाळी ओमेश्वरी चहा घेऊन गेली, तर गेनला उठले नाहीत. झोपेतच गेले. चांगलं मरण, असं सगळे म्हणाले. ओमेश्वरीही म्हणाली. मग भांडी घासायच्या दगडावर बसून ती रडली, आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं, की दुःख तर आहेच, पण त्याच्या खाली राग आहे. सांगतो म्हणून गेलं, आणि सांगितलं नाही.

त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी एकोणपन्नास दिवस पूजा चालते. तोवर जीव वाटेत असतो, असं ते मानतात. पूजेच्या विसाव्या-बाविसाव्या दिवशी कॅम्पाच्या कमिटीचे प्रमुख दोर्जेला, म्हणजे आपल्या भाषेत दोर्जेजी, म्हाताऱ्यांच्या घरी आले. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ, थोडं बोलणारे. गेनलांची धाकटी बहीण आनी पासांग तिथेच राहते. ती भिक्खुणी आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दोघांनी बसून ठरवलं, की गेनलांची कार्डं नव्या छोर्तेनच्या पोटात ठेवायची. छोर्तेन म्हणजे त्यांचा स्तूप. देवळाशेजारी नवा बांधून झाला होता, पोट तेवढं मोकळं होतं. एकोणपन्नासाव्या दिवशी ते भरायचं आणि कायमचं बंद करायचं.

यात वाईट काय होतं? काहीच नाही. त्यांच्याकडे अक्षर पायाखाली येऊ देत नाहीत, कचऱ्यात टाकत नाहीत. पोथी जीर्ण झाली की ती छोर्तेनमध्ये जाते, हा तिचा सर्वांत मोठा मान. तीस वर्षं एक माणूस अक्षरांपुढे वाकून बसला, त्याचं काम आणखी कुठे ठेवणार? आनी पासांगने ओमेश्वरीचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं, “तेरा हाथ का अक्षर भी अंदर जाएगा, ओमी. तेरे को बहुत पुण्य.” तिचे डोळे भरून आले होते.

ओमेश्वरीने मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. पुण्य तिला नको होतं असं नाही. पण ती कार्डं सिमेंटच्या पोटात गेली, की आपण तीन वर्षं काय वाचलं ते या जन्मात कळणार नाही, एवढं तिला स्वच्छ दिसलं. त्या कागदांच्या प्रती जगात इतर कुठे असतीलही. पण त्यातून गेनलांनी वेचून काढलेला एकेक शब्द फक्त या खोक्यांत होता. चेतनाला दाखवायला हवं होतं. तिने फोन लावला. लागला नाही. दिवसातून चार वेळा लावला. निरोप पाठवला, तो एका खुणेवर अडकून बसला. ती पोरगी डोंगरात कुठेतरी होती, जिथे फोनला वाट नव्हती.

अडचण वाढली ती गणपतीमुळे. दोर्जेलांनी कार्डं बांधायला घेतली, तर मागच्या बाजूला सोंड, उंदीर, कलश, आणि कुठे ‘आपले नम्र’. कमिटीतल्या एका म्हाताऱ्याने शंका काढली, की दुसऱ्यांचा देव छोर्तेनमध्ये चालेल का. दुसरा म्हणाला, देव चालेल, पण लग्नाची पत्रिका चालेल का. तिसऱ्याने भलताच मुद्दा काढला: हे लिखाण नक्की धर्माचं आहे का? गेनला धर्माचं काम करतात असं सगळे समजत होते, पण कधी कोणी वाचून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी कळलं नसतं, ती भाषा कोणाला येत होती? आणि गेनलांच्या हातची बारीक गिचमिड तिथल्या म्हाताऱ्या डोळ्यांना लागत नव्हती. छोर्तेनच्या पोटात धर्माचंच जातं. बाकीचं लिखाण आदराने जाळतात, नाहीतर ज्याला हवं त्याला देतात.

दोर्जेलांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फौजी माणसाला शोभेल असा सरळ तोडगा काढला. “ओमी ने पढ़ा है. ओमी को पूछेंगे. उनचासवें दिन, सबके सामने. वो बोले धर्म है, तो अंदर. नहीं, तो नहीं.”

झालं. जिला काही कळलं नव्हतं, तिच्यावर निवाडा आला.

ओमेश्वरीने कार्डांची खोकी मागून घेतली आणि रोज दुपारी घेऊन बसू लागली. आपल्याला येतात तेवढे शब्द शोधायचे आणि त्यावरून ठरवायचं, असा तिचा बेत. घोडा सापडला. जव सापडला, चार ठिकाणी. मेंढी सापडली, आणि तिच्या पुढच्याच कार्डावर देव. आता देव आहे म्हणजे धर्म आहे, असं म्हणावं, तर आमच्याकडे सातबाऱ्यावरसुद्धा देवस्थानाचं नाव असतं. म्हणून सातबाऱ्याची कोणी आरती करत नाही. आणि घोडा आहे म्हणून धर्म नाही, असं म्हणावं, तर खंडोबाला घोडा आहेच. ती जितकी जास्त कार्डं काढी, तितकं ते दूर जाई. एकदा तर तिला अशी शंका आली, की आपल्याला येतात ते शब्द तरी खरे आहेत का. घोडा तो घोडाच, की गेनलांनी आपलं मन राखायला काहीतरी सांगितलं?

तिने दुलीचंदला विचारलं. “अजी, माणसाले ठाऊक नसन, तर त्यानं काय सांगावं?”

“ठाऊक नाही, असं सांगावं.”

“तसं सांगतलं तर ते म्हणतीन, धर्म असू शकते, मंग आत ठेवू. बंद होऊन जाईन सबन.”

दुलीचंदने खाटेवरची गोधडी झटकली. मग म्हणाला, “तुले काय पायजे, ते पाय ना. तू त्यायच्या धर्माचा इचार कायले करून राहिलीस?”

त्याच्या परीने त्याने सोपं केलं होतं. ओमेश्वरीला ते अजिबात सोपं गेलं नाही. तिला काय पाहिजे, ते तिला माहीत होतं. ते मिळवण्यासाठी एका मेलेल्या माणसाच्या कामाला त्याच्याच माणसांसमोर साधं करून टाकावं लागणार होतं, हेही माहीत होतं. कॅम्पाने गेनलांना तीस वर्षं मान दिला, तो धर्माचं काम म्हणून. आणि ते धर्माचं नव्हतं, असं कोण सांगणार, तर स्वयंपाकीण.

एकोणपन्नासाव्या दिवशी देवळाचं अंगण भरलं होतं. स्वेटरवाले काही जण लवकर परतले होते. भिक्खूंचं पठण संपलं. दोर्जेला उभे राहिले, त्यांनी ओमेश्वरीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “ओमी, तूने तीन साल पढ़ा. इसमें धर्म है?”

ओमेश्वरीने समोर पाहिलं. आनी पासांग पहिल्या ओळीत बसली होती, हातात माळ, चेहऱ्यावर इतका विश्वास, की ओमेश्वरीने नजर तिच्यावरून काढून छोर्तेनकडे नेली.

“नाही,” ती म्हणाली. “धर्म नाही त्याच्यात. घोडे आहेत. जव आहे. मेंढ्या आहेत. वावराची, ढोरांची गोष्ट आहे. लोकायचं रोजचं बोलणं आहे. मी वाचलं आहे.”

मागच्या कोणीतरी हे त्यांच्या भाषेत म्हाताऱ्यांना सांगितलं, आणि ती कुजबुज पुढे पुढे सरकत आनी पासांगपर्यंत आली. म्हातारीने माळ फिरवायची थांबवली. “तीस साल?” तिने एवढंच विचारलं, तेही कोणाला नाही.

दोर्जेलांनी कार्डं ओमेश्वरीकडे दिली. रेशमी कापडातून काढून तांदळाच्या गोणपाटी चुंगडीत भरून दिली, कारण आता कापडाची गरज नव्हती. त्यात त्यांचा राग नव्हता. ओमेश्वरीला तो असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर आनी पासांग तिच्याशी बोलेनाशी झाली. जेवण घ्यायची, पण ताटली घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. ओमेश्वरी रोज तिच्या पाठीला वाढायची. आपण खोटं बोललो, की खरं बोललो, हे तिला कळत नव्हतं. खोटं म्हणावं, तर तिने सांगितलेले घोडे आणि जव त्यात होतेच. खरं म्हणावं, तर हजारो कार्डांपैकी तिला उण्यापुऱ्या चाळीसांचा अर्थ येत होता.

होळी झाली आणि पाचव्या दिवशी चेतना आली. तिला गेनलांचं कळलंच नव्हतं. ती खूप रडली. मग चेहरा धुऊन म्हाताऱ्यांच्या घराच्या अंगणात चटईवर बसली, आणि ओमेश्वरीने चुंगडी तिच्यापुढे ठेवली. आनी पासांग पलीकडे, भिंतीकडे तोंड करून उन्हात बसली होती.

“मॅडम, पहिले एक सांगा,” ओमेश्वरी म्हणाली. “याच्यात धर्म आहे का?”

चेतनाने पाच-पंचवीस कार्डं पाहिली. “काकू, असं सुट्या शब्दांवरून नाही सांगता येत. हा शब्द प्रार्थनेतही येईल आणि मेंढ्यांच्या वाटणीतही. पूर्ण ओळ लावली, तर कळेल. कदाचित.”

“तुमी नाही सांगू शकत?”

“नाही. आज तरी नाही.”

“मंग गेनला सांगणार होते, ते? सबन झालं की पहिल्या कार्डापासून सांगतो म्हणे.”

चेतना गेनलांच्या हातची जुनी कार्डं काढत होती, नजर असतानाची. शब्द ठळक अक्षरात, आणि त्याखाली ती जोडून लिहिलेली गिचमिड, जी ओमेश्वरीला कधी लागली नव्हती. चेतनाने एक पाहिलं, दुसरं पाहिलं, मग भराभर दहा-बारा चाळली आणि थांबली.

“काय लिवलं आहे खाली?” ओमेश्वरीने विचारलं.

“काकू...” चेतना अडखळली. “इथे लिहिलंय, ‘माहीत नाही. पुन्हा पाहणे.’”

“आन् ह्याच्यावर?”

“तेच.”

“ह्याच्यावर?”

“‘माहीत नाही. पुन्हा पाहणे.’ काहींवर अर्थ आहेत. घोडा आहे, जव आहे. पण बहुतेकांवर हेच. काही ठिकाणी तीन तारखा टाकल्यात, म्हणजे तीनदा पाहिलं, आणि तिन्ही वेळा हेच.”

तिने आणखी एक कार्ड घेतलं आणि या वेळी ते मराठीत सांगायच्या आधी मूळ तिबेटीतच मोठ्याने वाचलं. आनी पासांगची पाठ हलली. तिने मान वळवली, मग सगळं अंग वळवलं. आपल्या भाषेत तिने काही विचारलं, चेतनाने उत्तर दिलं आणि कार्डामागून कार्ड वाचत गेली. प्रत्येक वेळी तेच शब्द. म्हातारी ऐकत होती.

ओमेश्वरीला प्रथम आला तो संताप. तीन वर्षं ‘बाद में, बाद में’ म्हणून झुलवलं, आणि ठाऊक नव्हतंच. हाताशी काही नसताना ‘एक-एक बताता हूँ’ म्हणणारा माणूस. आणि आपण तरी काय वेगळं केलं? भरल्या अंगणात छातीवर हात ठेवून ‘मी वाचलं आहे’ म्हणालो. दोघंही सारखेच खोटारडे, गुरू तसा आणि स्वयंपाकीणही तशी. आणि मग तिला तो माणूस दिसला, तीस वर्षं एकेका शब्दापुढे बसून ‘माहीत नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहिणारा, कोणी पाहत नसताना, पुन्हा पाहायची तारीख घालून. तिच्याजवळ कबूल करायची त्याला लाज वाटली असेल. कागदाजवळ नाही वाटली.

“माह्या हातची कार्डं कोणती आहेत? ती काढा,” ती म्हणाली.

तिच्या हातची अकराशे होती. त्यांच्यावर शब्द होता, पान होतं, ओळ होती. खाली काही नव्हतं. खाली काय लिहायचं, ते गेनलांनी कधी सांगितलंच नव्हतं. ओमेश्वरी आत जाऊन पेन घेऊन आली, चटईवर मांडी घालून बसली आणि पहिल्या कार्डाच्या खाली आपल्या शाळेच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात मराठीत लिहिलं: माहीत नाही. पुन्हा पाहणे. त्याखाली तारीख घातली.

“काकू, हे काय करताय?”

“पुरं करून राहिली. अपुरं काम कसं देऊ तुमाले?”

“अकराशे आहेत. माझी संध्याकाळची बस आहे.”

“जाईन ते बस,” ओमेश्वरी म्हणाली आणि दुसरं कार्ड ओढलं. तिसरं ओढायला हात पुढे केला, तर ते तिच्या हाताशी आधीच आलेलं होतं. आनी पासांग कधी सरकत येऊन चटईच्या कडेला बसली होती, ते कोणी पाहिलं नव्हतं. एक कार्ड लिहून झालं, की ती पुढचं काढून देत होती.

ऊन भिंतीवर चढलं, तरी दोघी तशाच बसल्या होत्या.